रूगर १०/२२ वर काय बसवावं: पीप, रेड डॉट की स्कोप?

खाच_माशी (प्रश्न)

रायफल रूगर १०/२२ कार्बाइन, .२२ एलआर (कडेवर घाव बसून पेटणारं छोटं ‘रिमफायर’ काडतूस), साडेअठरा इंची नळी. सध्या कंपनीच्याच साइट्स आहेत: पुढे सोनेरी मण्याची माशी, मागे दुमडणारी खाच. काम दोन तऱ्हेचं आहे. २५ आणि ५० मीटरवर कागदी टार्गेट, रायफल टेकवून, सावकाश. आणि १० ते ३० मीटरवर लोखंडी प्लेट्स, घड्याळ लावून. १०० मीटर अधूनमधून.

अडचण डोळ्यांची आहे. मागची खाच आता पुसट दिसते. चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर आहे, आणि रेड डॉटमधून पाहिलं की ठिपका गोल न दिसता फाटलेल्या चांदणीसारखा दिसतो.

समोर तीन पर्याय आहेत: नेहमीचा ३-९×४० स्कोप (३ ते ९ पट, पुढचं भिंग ४० मिमी), रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) किंवा रिसीव्हरवर (बोल्ट असलेल्या मधल्या सांगाड्यावर) बसणारी पीप साइट (मागे खाचेऐवजी बारीक भोक). यातलं कोणतं घ्यावं, आणि का? शिवाय रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आहे, तर साइट किंवा स्कोप धरणाऱ्या बेसचे स्क्रू किती आवळायचे?

---

पन्नास_मीटर

३-९×४० घेण्याआधी एवढंच बघा, की त्याचा पॅरलॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुली, टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसते तो दोष) किती अंतरावर शून्य बांधलेला आहे. मोठ्या काडतुसांच्या स्कोपमध्ये तो बहुधा १०० किंवा १५० यार्डांवर कायम केलेला असतो, रिमफायर स्कोपमध्ये ५० यार्डांच्या आसपास. खोक्यावर ‘रिमफायर’ लिहिलेलं असतं त्याचा खरा अर्थ हा. स्कोप हलक्या प्रतीचा आहे असा तो शिक्का नव्हे.

हिशेब असा करा. पुढच्या भिंगाच्या व्यासाचं अर्ध घ्या, त्याला टार्गेट आणि पॅरलॅक्सच्या अंतरातल्या फरकाने गुणा, मग पॅरलॅक्सच्या अंतराने भागा. भिंग ४० मिमी, पॅरलॅक्स १०० मीटरवर, टार्गेट ५० मीटरवर: २० × ५० ÷ १०० = १० मिमी. तोच स्कोप २५ मीटरवर १५ मिमीपर्यंत फसवतो. डोळा अगदी कडेला गेला तर होणारी ही कमाल चूक आहे, हे खरं. पण १०/२२ च्या कार्बाइनचा मूळ दस्ता उघड्या साइट्सच्या उंचीसाठी घडवलेला आहे. स्कोप चढवला की गालाऐवजी हनुवटी टेकते आणि डोळा दर गोळीला वेगळ्या जागी जातो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं, म्हणजे दहा चुकवायला नुसता पॅरलॅक्सच पुरेसा आहे.

हे डोळ्यांनी पाहता येतं. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा आणि क्रॉसहेअर ५० मीटरवरच्या काळ्या गोलावर आणा. आता रायफलीला स्पर्श न करता डोकं थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर गोलावरून सरकताना दिसला तर तो स्कोप या अंतरासाठी नाही.

माझं मत २-७×३२ रिमफायर स्कोपच्या बाजूने आहे. ५० मीटरला सहा-सात पट पुरे. त्याहून वाढवलं की फक्त स्वतःच्या नाडीचे ठोके मोठे दिसतात. दोन पटीवर स्कोपमधून बाहेर येणारा प्रकाशाचा गोल १६ मिमीचा असतो (३२ भागिले २), त्यामुळे डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही. प्लेट्ससाठी हे फार मोलाचं आहे. ९ पटीवर ४० मिमीच्या भिंगातून तोच गोल ४.४ मिमीचा उरतो.

पुढची रिंग फिरवून पॅरलॅक्स बदलता येणारा स्कोप मिळाला तर आणखी चांगलं. मात्र प्लेट्सच्या वेळी ती फिरवायला सवड नसते, तेव्हा ती २५ वर ठेवून द्यायची.

---

दोन_एमओए

१० ते ३० मीटरवर प्लेट्स आणि हातात घड्याळ असेल तर रेड डॉटला तोड नाही, आणि ‘चांदणी’ दिसली म्हणून तो लगेच बाद करू नका. दोष डोळ्याचा की साइटचा, हे आधी ठरवा.

साइट हातात धरून तिच्या अक्षाभोवती हळूहळू फिरवा. फाटलेला आकार तसाच राहिला तर दोष डोळ्याचा. आकारही साइटबरोबर फिरला तर दोष साइटचा. दुसरी खूण म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याने काचेतून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर साइट निर्दोष. तिसरी, काळ्या कागदाला सुईने बारीक भोक पाडून त्यातून पाहा. ठिपका गोळा झाला तर दोष डोळ्याच्या नंबराचा.

साइट उघड्या एमिटरची असेल तर आधी एमिटर साफ करा. .२२ ची ब्लोबॅक (काडतुसाच्या दाबानेच बोल्ट मागे ढकलणारी) रायफल भरपूर काजळी आणि मेण उडवते. काचेच्या मागच्या त्या छोट्या दिव्यावर थर बसला की निरोगी डोळ्यालाही ठिपका पसरलेला दिसतो.

डोळ्याचा दोष ठरला तरी दोन गोष्टी करून पाहा: सिलिंडर पूर्ण भरलेला, फक्त दूरच्या नंबरचा चष्मा लावा आणि प्रकाश कमी करा. ठिपका जेमतेम दिसेल इतकाच ठेवायचा. बहुतेक लोक तो दिव्यासारखा पेटवतात आणि मग पसरतो म्हणतात.

आकाराचं बोलायचं तर १ एमओए म्हणजे १०० मीटरवर २९ मिमी, ५० वर साडेचौदा. दोन एमओएचा ठिपका ५० मीटरवर २९ मिमी झाकतो, म्हणजे आयएसएसएफ टार्गेटचं नऊचं अख्खं वर्तुळ (२६.४ मिमी) त्याखाली जातं. सहा एमओएचा ८७ मिमी झाकतो. प्लेटसाठी सहा झकास, कागदासाठी दोन. तुमची दोन्ही कामं असल्याने दोनच घ्या. कागदावर ठिपका मध्यावर न ठेवता काळ्या गोलाच्या खालच्या कडेला टेकवा, म्हणजे कडेवरून मध्य साधता येतो.

आणि रेड डॉटला पॅरलॅक्स नसतो हे जाहिरातीतलं वाक्य झालं. जवळच्या अंतरावर तो असतोच. ठिपका काचेच्या कोपऱ्यात असताना गोळी सोडू नका.

यातलं काहीच जमलं नाही तर प्रिझम साइट पाहा. तिचं रेटिकल (नेम धरायची खूण) काचेवर कोरलेलं असतं आणि डोळ्याजवळची रिंग फिरवून ते आपल्या नजरेला जुळवता येतं, त्यामुळे सिलिंडरवाल्यांना ते पुष्कळ नीट दिसतं. बॅटरी संपली तरी काळं रेटिकल उरतं. मात्र डोळा ठराविक अंतरावरच हवा, रेड डॉटसारखी मोकळीक नाही.

---

मागची_पीप

पीपबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. खाच पुसट दिसते ही तक्रार पीपने मुळातूनच मिटते, कारण मागच्या भोकाकडे पाहायचंच नसतं. उघड्या साइटमध्ये डोळ्याला खाच, माशी आणि टार्गेट अशा तीन अंतरांवर धावावं लागतं. पीपमध्ये भोक धूसर राहू द्यायचं, नजर माशीवर रोखायची, टार्गेट किंचित मऊ दिसलं तरी चालतं. शिवाय बारीक भोकाने नजरेची खोली वाढते, वर सांगितलेली कागदाच्या भोकाची युक्ती तीच आहे. सिलिंड्रिकल नंबरवाल्यांना म्हणूनच पीप मानवते.

भोक दीड मिमीच्या आसपास असेल तर कागदासाठी, दोन मिमीच्या वर असेल तर प्लेटसाठी आणि कमी उजेडासाठी. भोक फार बारीक केलं की संध्याकाळी माशी काळोखात विरते. पुढे सोनेरी मण्याऐवजी सपाट डोक्याची उभी माशी हवी. मण्यावर ऊन एका बाजूने पडलं की चकाकणारी बाजूच मध्य वाटते आणि गोळी उलट बाजूला सरकते. ऊन डावीकडून, तर गोळी उजवीकडे.

चष्मा करून घेणार असाल तर दूरच्या नंबरात साधारण अधिक अर्धा डायॉप्टर मिळवून बघा. माशी जवळपास मीटरभर अंतरावर असते. पूर्ण एक मिळवला तर ती कोरीव दिसते पण टार्गेट विरघळतं, अर्ध्यावर दोघांचं जमतं. प्रोग्रेसिव्ह काच नको. मान कलली की काचेतली जागा बदलते आणि माशी मध्येच धूसर होते.

माशी-पीपची दुरुस्ती मोजून करा. चूक गुणिले दोन साइट्समधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. समजा साइट्समध्ये ६०० मिमी आहेत आणि ५० मीटरवर गोळी ४० मिमी खाली लागते: ४० × ६०० ÷ ५०,००० = ०.४८ मिमी. मागची पीप एवढी वर न्या. माशी हलवायची असेल तर उलट, तेवढीच खाली. पीप ज्या दिशेला न्याल तिकडे गोळी जाते, माशी मात्र विरुद्ध. घाईत हमखास उलटं होतं ते इथेच.

रिसीव्हरच्या मागच्या टोकाला बसणाऱ्या पीप साइट्स बहुतेक वेळा स्कोप बेसचीच भोकं वापरतात, तेव्हा पीप ठेवून वर स्कोपही, असं होणार नाही. आणि स्पर्धेत उतरणार असाल तर विभाग आधी पाहा. स्टील चॅलेंजमध्ये (लोखंडी प्लेट्सवर घड्याळ लावून होणाऱ्या स्पर्धेत) रिमफायर रायफलचे ओपन आणि आयर्न (बिनभिंगाच्या साइट्स) असे दोन वेगळे विभाग आहेत. पीपवाल्याला आयर्नमध्ये जागा आहे, रेड डॉटवाला थेट ओपनमध्ये.

---

टॉर्क_पाना

स्क्रूंचं मी सांगतो, कारण ‘स्कोप खराब निघाला’ म्हणून परत येणाऱ्या रायफलींमध्ये पुष्कळदा स्कोप ठणठणीत असतो, ढिला असतो तो बेस.

आधी बेसची भोकं, स्क्रू आणि बेसचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचा एक थेंबही राहू देऊ नका. बेस नुसता ठेवून बोटाने दाबून पाहा, डुलत असेल तर तो नीट बसलेलाच नाही. मग चारही स्क्रू हाताने टेकवा आणि तिरपे, आलटून-पालटून आवळा. ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरला १० ते १५ इंच-पाउंड पुरे, म्हणजे १.१ ते १.७ न्यूटन-मीटर. बेस करणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जास्त आवळला की आटे भुग्यासारखे निघून येतात आणि मग दुरुस्तीला जागा उरत नाही. निळ्या थ्रेडलॉकरचा एक छोटा थेंब इथे चालतो. ओलं थ्रेडलॉकर वंगणासारखं काम करतं, म्हणून ते लावलं तर आकडा खालच्या बाजूला ठेवा.

यानंतर, काडतूस नसताना, बोल्ट हाताने दहा वेळा मागे-पुढे करा. कुठे घासला किंवा अडला तर एखादा स्क्रू लांब आहे आणि टोक आत आलंय. एक आटा कापायचा, जोर लावून बोल्ट चालवायचा नाही.

रिंगा (स्कोप बेसवर धरणाऱ्या): वीव्हर आणि पिकाटिनी हे रेलचे दोन प्रकार एकच समजू नका. पिकाटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद, वीव्हरची साधारण ४.५७. वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर बसतात, उलट बहुतेक बसत नाहीत. रिंग रेलवर ठेवली की ती पुढे, नळीच्या तोंडाकडे ढकलून धरा आणि मग बाजूचा नट आवळा. धक्क्याने रायफल मागे येते, स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या हिशेबाने पुढे सरकतो. रिंगेचा आडवा बोल्ट आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला असेल तर सरकायला जागाच नसते. .२२ चा धक्का नगण्य असला तरी सेमी-ऑटोत रायफलीचा बोल्ट दोन्ही बाजूंना आदळतो, आणि ५०० काडतुसांत ते जाणवतं. काही मोठ्या स्टीलच्या माउंटवर ६५ इंच-पाउंड लिहिलेलं असतं. तो आकडा ॲल्युमिनियमच्या बेसवर वापरू नका.

रिंगेची स्कोपवरची टोपी १५ ते १८ इंच-पाउंड, कोरडी, थ्रेडलॉकर नाही. दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. जास्त आवळल्याची खूण म्हणजे पटीची रिंग जड फिरू लागते. टरेटच्या (नेम सरकवायच्या फिरत्या बटणांच्या) फुगीर भागाला रिंग चिकटवू नका.

आवळण्याआधी दोन गोष्टी जुळवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमीसारखा टेकवा, डोळे उघडा. सगळ्यात मोठ्या पटीवर पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. दुसरं, क्रॉसहेअर सरळ. रायफल सरळ धरून १०० मीटरवर झिरो केली (नेम आणि गोळी एका जागी जुळवली) आणि मग कललेला क्रॉसहेअर उभा दिसावा म्हणून ती ५ अंश कलवली, तर स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी तिथे ४ सेंमीच्या वर बाजूला जाते. गोळी जितकी पडते त्याच्या प्रमाणात ही चूक वाढते, म्हणून २५ वर कळतही नाही.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसपर्यंत रंगाच्या पेनाने एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे पाना न लावता कळतं.

---

खाच_माशी

सगळ्यांचे आभार. फोनने फोटो काढला, ठिपका गोल आला. म्हणजे दोष डोळ्याचा. आता दोन शंका. १०/२२ चा रिसीव्हर मागून बंद आहे, नळीतून पाहून स्कोप जुळवता येत नाही, मग झिरोची सुरुवात कुठून करू? आणि १-६×२४ सारखा एकच स्कोप घेऊन दोन्ही कामं भागतील का?

---

दोन_एमओए

१-६×२४ मला या रायफलीवर पटत नाही. माउंटसकट त्याचं वजन अर्ध्या किलोच्या वर जातं आणि सव्वादोन किलोची हलकी रायफल डोईजड होते. प्लेट ते प्लेट वळताना ते वजन हाताला लागतं. शिवाय त्यातली बरीच रेटिकलं .२२३ च्या गोळीच्या घसरणीसाठी आखलेली असतात, .२२ एलआरला त्या खुणा निरुपयोगी.

---

पन्नास_मीटर

वजनाचं मान्य. पण पॅरलॅक्सच्या बाबतीत त्याची बाजू मांडायला हवी. भिंग २४ मिमीचंच असल्याने १०० मीटरवर बांधलेला असूनही ५० वर कमाल चूक ६ मिमी येते, ३-९×४० पेक्षा कमी. साधं रेटिकल असेल आणि रायफल टेकवूनच जास्त चालवणार असाल तर तो वाईट नाही. रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असेल (पट बदलली तरी ते तेवढंच दिसत असेल) तर त्यावरच्या खुणा एकाच पटीवर खऱ्या, बहुधा सगळ्यात मोठ्या. तीन पटीवर त्या मोजायच्या नाहीत. घड्याळ लावलेल्या प्लेट्स निम्म्याहून जास्त असतील तर मात्र तुम्हाला प्रिझम किंवा २-७×३२.

झिरो १० मीटरवरून सुरू करा. त्याआधी डोळ्याजवळची रिंग जुळवा: कोऱ्या भिंतीकडे किंवा सूर्य नसलेल्या बाजूच्या आकाशाकडे स्कोप धरा, दोन सेकंद पाहा, नजर काढा, रिंग थोडी फिरवा, पुन्हा पाहा. टक लावून पाहिलं तर डोळाच जुळवून घेतो आणि खोटं उत्तर मिळतं.

१० मीटरवर मोठा कागद, पाच गोळ्या. टरेटचा पाव एमओएचा एक क्लिक इथे जेमतेम ०.७ मिमी सरकवतो, त्यामुळे ३० मिमीची चूक म्हणजे चाळीसेक क्लिक. आकडा मोठा वाटला तरी घाबरू नका. स्कोप नळीच्या मध्यापासून ४० मिमी वर असेल तर १० मीटरवर गोळ्या नेमाच्या साधारण १२ मिमी खाली आणा, मध्यावर नको. मग ५० मीटरला जा. तिथे एक क्लिक ३.६ मिमी. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य ४० मिमी खाली आणि २५ मिमी डावीकडे असेल तर ११ वर, ७ उजवीकडे. एकेका गोळीमागे क्लिक फिरवत बसू नका, पाचांचा मध्यच धरा. सेमी-ऑटोत पहिलं काडतूस हाताने चढतं, पुढची बोल्ट चढवतो, आणि काही रायफलींत पहिली गोळी बाकीच्यांपासून वेगळी लागते. ती दर वेळी त्याच जागी पडते का, एवढं टिपून ठेवा.

५० चा झिरो झाला की २५ वर गोळी साधारण १ सेंमी वर लागेल. १०० मीटरवर स्टँडर्ड व्हेलॉसिटीची (सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास) गोळी २० सेंमीहून थोडी जास्त खाली जाते, म्हणजे सात एमओएच्या पुढे, २९ क्लिकच्या जवळपास. नेमका आकडा तुमच्या काडतुसावर ठरेल, कागदावर पाहूनच लिहा.

मग टरेट तपासा. ५० मीटरवर ग्रुप मारा, २० क्लिक उजवीकडे, ग्रुप. २० वर, ग्रुप. २० डावीकडे, ग्रुप. २० खाली, ग्रुप. शेवटचा पहिल्यावर पडायला हवा आणि चौकोनाची बाजू ७२ मिमीच्या आसपास. पहिल्यावर परतला नाही तर स्कोपवर शंका घ्या, पण त्याआधी स्क्रूंवरच्या रेघा बघा.

---

टॉर्क_पाना

रेघा शाबूत असूनही झिरो भटकत असेल तर १०/२२ मध्ये आणखी दोन जागा आहेत. दस्त्यात रिसीव्हर धरणारा स्क्रू एकच. साफसफाईसाठी रायफल उघडली की तो दर वेळी त्याच टॉर्कला आवळा, नाहीतर गोळी जागा बदलते. दुसरी, नळी रिसीव्हरला व्ही-ब्लॉक आणि त्याच्या दोन स्क्रूंनी धरलेली असते. ते आलटून-पालटून, थोडेथोडे आवळायचे. एकच आधी पूर्ण आवळला तर नळी तिरकी ओढली जाते आणि स्कोपचा सगळा क्लिक एका बाजूला संपतो. (२०१२ पासूनचं टेकडाउन मॉडेल असेल तर नळी काढून पुन्हा बसवल्यावर रिसीव्हरवरच्या स्कोपचा झिरो तपासायचाच. नळीवरच्या मूळ साइट्सना ही भानगड नाही, त्या नळीबरोबरच जातात.)

काडतुसांचं एक राहिलं. काही रायफलींत स्टँडर्ड व्हेलॉसिटीने बोल्ट पुरेसा मागे जात नाही, रिकामं कवच दारात उभं अडकतं. कमी जोराच्या सबसॉनिकने (आवाजाहून कमी वेगाच्या काडतुसाने) ही शक्यता आणखी वाढते. म्हणून आधी बिनतक्रार चालणारं काडतूस शोधा आणि मगच त्याच्यावर झिरो करा. काडतूस बदललं की नळी नव्या मेणाला सरावेपर्यंत पहिल्या दहा-वीस गोळ्या कागदावर मोजू नका.